उसन्या केसांविषयी चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला बाहेरून वक्ते न बोलावता सभासदांपैकीच एकेकीने आपल्याला ठाऊक असलेले काही सांगावे, असे कार्यकारिणीत ठरले. कोणी पोस्टातील बचत सांगितली, कोणी उन्हाळी वाळवणे सांगितली. चिटणीसबाईंनी माझ्या नावापुढे 'केस' असा विषय लिहिला, तेव्हा मागच्या रांगेत जरा खसखस पिकली, ती मी ऐकली. हसा, हरकत नाही. पण पंचेचाळिशीच्या पुढे हळदीकुंकवाला जाताना भांगाची रुंदी आरशात दोनदा पाहिली नाही, अशी बाई या सभागृहात असेल तर तिने हात वर करावा. पहा, एकही हात वर नाही!

मी इयत्ता सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टर नव्हे आणि पार्लरवालीही नव्हे. माझ्या नणंदेची मुलगी नाशिकला पार्लर चालवते. तिच्या बाळंतपणाच्या वेळी वन्संचे गुडघे धरलेले, म्हणून मामी या नात्याने मी तिच्याकडे चार महिने राहिले. पोर दोन महिन्यांचे झाल्यावर ती पुन्हा कामाला उभी राहिली आणि मी बाळाला मांडीवर घेऊन पार्लरच्या कोपऱ्यात बसू लागले. बाळ झोपले की ती म्हणे, "मामी, एवढी बट धरा." बट धरता धरता जे पाहिले, विचारले आणि डोक्यात राहिले, तेवढेच मी सांगणार आहे.

आता केस जोडणे म्हणजे काही नवे खूळ नव्हे. आपल्या आज्या गंगावन लावीत. आंबाडा भरदार दिसावा म्हणून आत गंगावन, वर अग्रफूल, आणि कोणी कोणाला विचारीत नसे की तुझे किती आणि गंगावनाचे किती. दारावर "केसावर भांडी, केसावर फुगे" अशी हाळी आली की फणीतले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचलेले असत, ते काढून देत. ते केस कोठे जातात, याचा विचार आपण कधी केला नाही. ते असेच कोणाच्या तरी डोक्यावर जातात. हल्ली त्याला हेअर एक्स्टेन्शन म्हणतात. मी आपली जोडकेस म्हणते.

हे केस डोक्यावर बसविण्याच्या रीती पुष्कळ आहेत, पण मुख्य तीन सांगते. एक, वेण्यांची. डोक्याच्या कातडीला चिकटून बारीक बारीक वेण्या घालतात आणि जोडकेसांची झालर त्यांवर सुईदोऱ्याने शिवतात. अमेरिकेत क्लीव्हलँड गावच्या क्रिस्टिना जेन्किन्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईंनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अशा विणकामाचे पेटंट मिळविले. एका केशभूषा करणाऱ्या बाईने सरकारदरबारी पेटंट घ्यावे, याचे मला फार कौतुक वाटते. त्या लोकांचे केस जात्या दाट कुरळे, वेणी बसली की हलत नाही, तेव्हा ही रीत त्यांना शोभते. आपल्या सरळ, गुळगुळीत केसांची तेवढी बारीक वेणी सैल पडते. मग ती घट्ट राहावी म्हणून जास्त आवळतात, आणि तेथेच घात होतो. शिवाय झालरीखालची कातडी लवकर वाळत नाही. आपल्या पावसाळ्यात तर बोलावयासच नको.

दुसरी रीत चिकटविण्याची. कोणी डिंकासारखा द्रव कातडीलगत लावून केसांची पट्टी चिकटवितात, कोणी केरॅटिनचे टोक गरम यंत्राने वितळवून आपल्या बटेला जोडतात. काम झटपट होते, दिसतेही छान. पण काही गोंदांत रबराच्या चिकाचा अंश असतो, तो पुष्कळ जणींना सोसत नाही. खाज, पुरळ, पाणी सुटणे असे प्रकार होतात. आणि लावताना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धीर काढताना लागतो. तेल किंवा विशिष्ट द्रव लावून गोंद सैल होईपर्यंत वाट पाहिली नाही, तर पट्टीबरोबर आपले केस मुळासकट येतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई समोर बसल्या आहेत, त्यांच्या संमतीनेच त्यांची हकिकत सांगते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्यांना डेंग्यू झाला. ताप गेला, अशक्तपणाही गेला, आणि मार्गशीर्षात केस गळू लागले. फणीत, उशीवर, न्हाणीघराच्या जाळीत, जिकडे तिकडे केस. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येऊ लागतात. हे आम्हांला पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्या वेळी घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यातून मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले. जाऊबाईंनी मंडळात येणे सोडले, ते आपणा सर्वांना आठवत असेल. आपण समजलो लग्नाची गडबड. गडबड कसली, त्या संक्रांतीच्या वाणालासुद्धा कोणाकडे गेल्या नाहीत.

पौषात त्या कोणाला न सांगता शहरातल्या एका पार्लरात गेल्या आणि चिकटवून घेऊन आल्या. आठ दिवस त्या आनंदात होत्या. नंतर खाज सुरू झाली. पंधराव्या दिवशी डाव्या कानावरची पट्टी लोंबू लागली, ती त्यांनी रात्री आरशापुढे ओढली, आणि रुपयाएवढी जागा उघडी पडली. त्या रात्री त्या माझ्याकडे फोनवर रडल्या. मी नाशिकला होते. मी म्हटले, "जाऊबाई, बाळाला बघावयाचे निमित्त करा आणि इकडे या. दुसऱ्या पट्टीला हात लावू नका."

फाल्गुनात त्या आल्या. भाचीने दोन तास खपून, तेल मुरवून मुरवून उरलेल्या पट्ट्या काढल्या. जाऊबाईंना वाटत होते, आता ही आपल्याला तिसऱ्या रीतीने, म्हणजे बारीक कड्यांनी, डोकेभर केस लावून देईल आणि लग्नात मिरविता येईल. भाचीने साफ नकार दिला. "मोठ्या मामी, ज्या केसाला स्वतःचा भार सोसवत नाही, त्याच्या गळ्यात मी दुसऱ्याचा भार बांधणार नाही," असे ती म्हणाली. जाऊबाई रागावल्या. पैसे देते तर का नाही, असे म्हणाल्या. मला मध्ये पडावे लागले. गिऱ्हाईक आणि तेही घरचे, हातचे पैसे सोडून नाही म्हणणे सोपे नसते. त्या पोरीचे मला त्या दिवशी जे वाटले ते आजही वाटते.

मग लग्नाचे काय केले? गंगावन! आंबाड्यात गंगावन, त्यावर मोगऱ्याचा गजरा, कानावरून केसांची एक लाट आणि डोक्यावर पदर. जमलेल्यांपैकी एकीलाही कळले नाही. एका दिवसाच्या कार्यासाठी गंगावन किंवा क्लिपेने अडकवावयाचे केस पुरतात, रात्री काढून ठेवता येतात, आणि खर्चही बेताचा. ज्यांना एवढेच हवे आहे त्यांनी माझे पुढचे बोलणे ऐकले नाही तरी चालेल.

तर आता कडी. मायक्रो लिंक म्हणतात ती कडी म्हणजे धातूचा बारीक, पोकळ मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. आतून त्याला सिलिकॉनचे अस्तर असते, म्हणजे केस कापला जात नाही आणि मणी घसरत नाही. केसांच्या रंगाप्रमाणे काळा, तपकिरी असा मिळतो. जोडकेसांची बट असते तिचे टोक बुटाच्या नाडीच्या टोकासारखे कडक केलेले असते. गोंद नाही, उष्णता नाही, वेणी नाही. आपली बट आणि उसनी बट एकाच मण्यात घालून मणी दाबावयाचा, इतकेच.

इतकेच म्हटले खरे, पण खुबी पुढेच आहे. आदल्या दिवशी डोके स्वच्छ धुवावयाचे, मुळांना तेल नाही, कंडिशनर नाही, आणि केस पूर्ण वाळलेले हवेत. तेलकट केसावर कडी घसरते. आपल्या बायकांना तेलावाचून राहावत नाही, म्हणून हे आधी सांगते. मग शेपटीच्या कंगव्याने मानेपासून वर आडवे भांग पाडीत जावयाचे. कपाळ, कान आणि मान यांच्या कडेचे बोटभर केस सोडून द्यावयाचे. तेथले केस नाजूक, आणि कड्याही दिसतात. टाळूवर भांगालगतही कडी लावावयाची नाही, वरून झाकावयास आपले केस राहिले पाहिजेत.

बट घ्यावयाची ती उसन्या बटेच्या मानाने. येथे हात बसावा लागतो. आपली बट फार बारीक घेतली तर भार तिला झेपत नाही, ती मुळातून ओढली जाते. फार जाड घेतली तर कडी नीट बंद होत नाही. सुईत दोरा ओवावयाची पातळ तारेची फासणी असते ना, तशीच मोठी फासणी असते. तिच्यावर मणी आधीच ओवलेले असतात. फासणीत बट घालून खाली ओढली की मणी बटेवर येतो. तो वर सरकवावयाचा, पण कातडीला टेकवावयाचा नाही. अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा सोडावयाची. मग उसन्या बटेचे टोक मण्यात सारावयाचे आणि लहान पकडीने मणी चपटा दाबावयाचा. सोनार साखळीची कडी बसवितो तसे काम. पुढची ओळ मागच्या ओळीच्या कड्यांवर न येता मधल्या जागेवर यावी, विटांच्या बांधकामासारखी, म्हणजे सगळे झाकले जाते.

एकेक बट बसली की भाची ती चारी दिशांना उचलून पाही आणि विचारी, "ताण लागतो का?" लागतो म्हटले की लगेच कडी उघडून पुन्हा. डोकेभर लावावयाचे तर शंभर-दीडशे बटा लागतात, तीन-चार तास मोडतात. नुसते दाट दिसावयास चाळीस-साठ पुरतात. जेथे कोणी तासाभरात डोकेभर करून देतो म्हणेल, तेथून चप्पल घालून उठावे.

कडीचा मोठा गुण मला वाटतो तो असा की, ती जशी लागते तशी निघते. पकड आडवी धरून चपट्या मण्याच्या कडा दाबल्या की मणी पुन्हा गोल होतो आणि बट सुटते. द्रव नाही, ओढाताण नाही. तीच उसनी बट नव्या मण्यात पुन्हा लावता येते. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कड्या खाली येतात; सहा ते आठ आठवड्यांनी त्या काढून पुन्हा वर घ्याव्या लागतात. तसे न केले तर दोन कड्या एकमेकींत गुंततात आणि जटा होतात. ज्यांना दर दोन महिन्यांनी जाण्याची सवड किंवा पैसा नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. पहिला खर्च मोठा असतोच, पण हा पुढचा खर्च कोणी आधी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट. कडी उघडली की तिच्यातून केसांचा झुबका हाती येतो आणि बायका किंचाळतात. आपले रोज पन्नास-शंभर केस गळतातच. एरवी ते फणीत येतात. कडीत धरलेल्या बटेतले मात्र तेथेच अडकून बसतात आणि दोन महिन्यांचे एकदम दिसतात. मुळाशी पांढरा बारीक ठिपका असलेला सुटा केस आला तर तो आपल्या आपण गळालेला. पण जागाच उघडी दिसली, किंवा मुळाशी पुळ्या, तर ते ओढीचे लक्षण. पहिली रात्र डोके जरा जड वाटते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दुखत असेल तर सोसू नये, काढावयास लावावे. फार काळ ओढ बसली तर केसांची मुळेच मरतात आणि ते केस परत येत नाहीत. ही गोष्ट जोडकेसांनाच लागू नाही. शाळेत पाठविताना मुलींच्या वेण्या डोळे ताणले जाईपर्यंत आवळणाऱ्या आयांनी त्यांच्या कानशिलांवर एकदा पहावे.

न्हाताना शाम्पू मुळांना, मऊ करणारे जे काही लावाल ते टोकांना. फणी टोकाकडून वर वर आणावी, एका हाताने कड्या धरून. ओल्या केसांनी निजू नये, सैल वेणी घालून निजावे. एम. आर. आय. तपासणीला जावयाचे असेल तर डोक्यात धातू आहे हे आधी सांगावे. आणि ज्यांचे केस चार बोटांहून आखूड आहेत, ज्यांना चाई पडली आहे, ज्यांचे गळणे चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तात लोह किती, थायरॉइड ठीक आहे का, हे पहावे. आपल्यापैकी कितीतरी जणींचे केस पांडुरोगाने जातात आणि आपण तेल बदलीत बसतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. वय अठ्ठ्याहत्तर. जाऊबाई कड्या लावणार हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मेलेल्याचे केस घरात नकोत." या शंकेला हसू नये. ज्यांनी आपल्या लहानपणी सक्तीने केस उतरविलेल्या सोवळ्या बायका पाहिल्या, त्यांच्या मनात केसांविषयी भीती असणारच. मी त्यांना सांगितले ते असे. तिरुमलैला कल्याणकट्ट्यावर भाविक बायका-पुरुष नवस फेडून केस देतात, आणि देवस्थान त्या केसांचा लिलाव करते. एका डोक्यावरून एकदम उतरलेले, मूळ एकीकडे आणि टोक एकीकडे असे लागलेले केस उत्तम समजतात, त्यांना बाजारात रेमी म्हणतात. दुसरे केस आपल्या फणीतले, बोहारणींनी आणि फुगेवाल्यांनी गोळा केलेले. ते कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला, बंगालमध्ये मुर्शिदाबादेकडे जातात. तेथे बायका ते गुंते सोडवून, लांबीप्रमाणे निवडून जुड्या बांधतात. डोळ्यांची आणि बोटांची माती करणारे काम आहे ते.

सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे देवाला वाहिलेले परत घ्यावयाचे?" मला उत्तर सुचले नाही. पण अशी शंका घेणाऱ्या त्या एकट्याच नव्हेत. २००४ साली ज्यू लोकांच्या काही धर्मगुरूंनी हाच प्रश्न काढला. त्यांच्या कर्मठ बायका लग्नानंतर टोप घालतात. मूर्तिपूजेत अर्पण केलेले केस त्यात चालणार नाहीत, असा निर्णय झाला आणि अमेरिकेत न्यूयॉर्कला काही बायकांनी आपले महागाचे टोप रस्त्यात जाळले. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "जाळावयाचे कशाला, कोणा गरजूला द्यावयाचे होते." त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही. संमतीही दिली नाही, पण आमच्या घरात विरोध न करणे हीच संमती.

खरे-खोटे ओळखण्याची एक युक्ती सांगते. बट दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे सरकवा, गुळगुळीत लागेल. टोकाकडून मुळाकडे सरकवा, किंचित खरखर लागली पाहिजे. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, त्यांची ती खरखर. मिसळीच्या केसांचे खवले आम्लात जाळून वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात ते रेशमासारखे चमकतात आणि चार न्हाण्यांनंतर त्यांचे सुंभ होते.

जाऊबाईंचे पुढे सांगावयाचे राहिले. कार्तिकात त्यांचे स्वतःचे केस बोट-दीड बोट नव्याने आले, जुन्यांनाही बळ आले. भाचीने तेव्हा फक्त अडतीस कड्या लावल्या, सगळ्या मागे आणि बाजूंना; कानावरची ती जागा मोकळी ठेवली. दोनदा वर घेतल्या. चैत्रात जाऊबाई म्हणाल्या, आता पुरे, वेणी माझी मला जमते. काढल्या. त्यांचे आज जे दिसतात ते सगळे त्यांचेच आहेत, आणि कानावर अजून विरळ आहे तेही त्या लपवीत नाहीत.

त्यांच्या उतरवलेल्या बटांपैकी चार आणि नव्या कड्यांची पुडी मी आणली आहे. मधल्या रांगेपासून सुरुवात करते. कडी दाबून पहा, पुन्हा उघडून पहा. पकड एकच आहे, तेव्हा घाई करू नका, आणि चष्मा नसेल तर शेजारणीचा घ्या. ज्यांना आपल्या डोक्याविषयी काही विचारावयाचे आहे पण येथे नको, त्यांनी चहाच्या वेळी मला किंवा जाऊबाईंना स्वयंपाकघराच्या बाजूला गाठावे.